बिनअंड्याचा केक

होसकोट्यात धर्मावरून तेढ वाढली, तेव्हा चर्चने शांती समिती काढली आणि हिंदूंच्या वतीने कापडवाल्या सुनंदाबाईंना बोलावलं. सतरा वर्षं बाईंनी पहिल्या रांगेत बसून बंधुभावाचे गोडवे गायले. नाताळला फादर केक पाठवत. त्यात अंडं असणार, म्हणून बाई डबा न उघडताच मोलकरणीच्या हातात कोंबत.

यंदा चर्चवर दगड पडले. मारणाऱ्यांत बाईंचा मुलगा सुनीलकुमार होता. तरी नाताळला फादर स्वतः केक घेऊन दारात आले.

"अक्का, पोलिसांत जाणार नाही. मुलाला समितीत पाठवा," ते म्हणाले. "आणि हा खा. तुमचा केक दर वर्षी बिनअंड्याचाच करतो."

अंड्याची सबब गेली. बाईंनी तोंडभर हसून हात जोडले आणि फादर वळताच मोलकरणीला हाक मारली.