फाटकावर न वाजलेली हलगी

हलगी हातात घेतली की मामा आधी ती जाळावर धरायचे. रद्दी पेटवायची, कातडं फिरवून फिरवून शेकायचं, मधूनच टिचकी मारून कान लावायचा. कोणी घाई केली तर म्हणायचे, "तापू दे रं. गारठल्यावर काय बोलंल ती?"

पिंपरीतल्या आमच्या कामगार वस्तीत सगळेच त्यांना मामा म्हणत. कंपनीत ते पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. डब्याचं झाकण, बसची सीट, जिन्याचा कठडा, त्यांच्या बोटांना वाजवायला काहीही चालायचं. तुमच्याही आळीत असं कोणी असेल, ज्याच्या येण्याची चाहूल आधी आवाजानं लागते.

वस्तीतल्या थोरांना मात्र ती हलगी खुपायची. बौद्ध झालो त्या वर्षी त्यांनी गावाकडे आपापल्या हलग्या जाळल्या होत्या. वरातीपुढे, पालखीपुढे, मढ्यापुढे वाजवत चालायचं आणि देवळाच्या पायरीशी थांबायचं, हे त्यांनी भोगलं होतं. माझे वडील एकदा चिडून म्हणाले, "जाळलेलं परत कशाला उकरता?"

मामा म्हणाले, "तुमी चालणं जाळलंत दादा, बरं केलंत. वाजवणं माझं हाय."

मला दोघांचंही पटायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून माझं मत विचारलं जाई, आणि मी पुस्तक उघडून बसे.

मग कामगार मंडळानं लोककलेचा मेळा भरवायचं ठरवलं. गोंधळी, वासुदेव, गोष्टी सांगणारे, कुंभार, बुरूड, सगळ्यांना आमंत्रणं गेली. मंचावरचं निवेदन माझ्याकडे आलं. मंडळाचे सेक्रेटरी मामांकडे आले तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी समजावून सांगितलं, की पाहुण्यांची गाडी फाटकाशी थांबेल, मामांनी तिथून वाजवत पुढे चालायचं आणि पाहुणे मंचावर चढले की बाजूला व्हायचं.

"आन् संबळ?" मामांनी विचारलं.

"संबळ मंचावर. गोंधळ तिथंच आहे ना."

"मग हलगीला काय पायऱ्या चढता येत न्हाईत?"

सेक्रेटरी हसले. म्हणाले, परंपराच तशी आहे मामा, लोकांना तीच बघायची आहे.

"परंपरा माझ्या बापाच्या टाचांत हुती, सायेब. भेगा पडल्या हुत्या. वाजवीन तर वर बसून. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सेक्रेटरी "बघू" म्हणून उठले.

मेळ्याच्या दिवशी मामा सगळ्यांआधी आले. इस्त्रीचा शर्ट, पायात कंपनीचे बूट. मांडवामागे त्यांनी हलगी शेकली, बूट काढले आणि सरळ मंचावर जाऊन संबळवाल्या गोंधळ्याशेजारी सतरंजीवर बसले. गोंधळ्यानं सरकून जागा दिली.

गाडी आली. सेक्रेटरींनी फाटकाशी उभं राहून हात हलवला. मामा हलले नाहीत. सेक्रेटरींनी पुन्हा हात हलवला. शेवटी पाहुणे कर्ण्याच्या शिट्टीतच चालत आले. त्यांना काही उणं जाणवलं असेल, असं चेहऱ्यावरून वाटलं नाही. लाल झाले होते ते सेक्रेटरी. माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच सांगितलं, की हलगी गाळ, गोंधळापासून सुरू कर.

मी मंचाकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बोटांनी कातडं चाचपत होते. मी माईक तोंडाशी घेतला आणि म्हणालो, "पहिला कार्यक्रम, हलगीवादन."

त्या वाजवण्याचं वर्णन मला जमणार नाही. एवढंच सांगतो, की ते ऐकताना कोणाच्या मागून चालावंसं वाटत नव्हतं. जागच्या जागी ताठ उभं राहावंसं वाटत होतं. मांडवाच्या टोकाला वस्तीतले थोर हाताची घडी घालून उभे होते, त्यांत माझे वडीलही. टाळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत. पण निघूनही गेले नाहीत.

पुढच्या वर्षी मंडळानं मामांना बोलावलं नाही. मलाही नाही. फाटकावर बँड होता. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "हलगी तर न्हाई ना हुबी केली तितं? मग झालं."

गेल्या वर्षी मामा गेले. गावाकडून पुतणे हलगी घेऊन आले होते, तिरडीपुढे वाजवायला. मामी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"त्यांनी सांगून ठिवलंय," त्या म्हणाल्या. "म्हनले, माझ्या मढ्यापुढंबी कुणी वाजवत चालायचं न्हाई."

पुतणे हलगी धरून तसेच थांबले. तेव्हा माझे वडील आमच्या घरात गेले, आमची एकुलती एक खुर्ची उचलून आणली आणि तिरडीशेजारी मांडली. थोरल्या पुतण्याला म्हणाले, "बस. बसून वाजव."

त्याचं वाजवून होईपर्यंत कोणी तिरडीला हात लावला नाही.