उत्तरेश्वर पडला नाही

नेकनूरच्या अर्जुनराव देशमुखांनी मुलाला हैदराबादेत कॉलेजात घातलं ते तहसीलदार करायला. निजामाच्या राज्यात मोठी नोकरी हवी तर उर्दू हवी, आणि उर्दूतून बी.ए. झालेली पोरं बीडकडं फार थोडी. उत्तरेश्वर खुशीनं गेला, पण त्याच्या खुशीचं कारण वेगळंच होतं. तिथं पोरांची नाटकमंडळी आहे, खरा रंगमंच आहे आणि एक प्राध्यापक अभिनय शिकवतात, हे त्याला आधीच कळलं होतं.

पहिल्या आठवड्यातच तो प्राध्यापकांपुढं उभा राहिला आणि नाटकातला एक उतारा म्हणून दाखवला. बसलेली पोरं हसली, कारण उर्दूला नेकनूरचा हेल लागला होता. प्राध्यापक म्हणाले, "पडदा ओढ आणि बघत जा."

वर्षभर त्यानं पडदा ओढला आणि बघितलं. आवाज घशातून न काढता पोटातून कसा काढायचा, समोरचा बोलत असताना आपल्या हातांचं काय करायचं, काहीच न करता उभं कसं राहायचं. हे शेवटचं त्याला सगळ्यात अवघड वाटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा बातमी वडिलांपर्यंत पोचलेली होती.

"देशमुखाचं पोरगं तिकडं सोंगं करतंय म्हणं?"

"सोंगं न्हाई आबा, ती बी विद्याच हाय."

"मग तहसीलदार कवा होतूस?"

"तहसीलदार तुमी म्हणता. मी कवा म्हणलो?"

अर्जुनराव ताटावरून उठले. तरी दोन दिवसांनी त्यांनी मुलाला बीडच्या कचेरीत सोबत नेलंच. साहेबाची खुर्ची बघून पोराचं मन पालटेल, असा त्यांचा होरा होता.

उत्तरेश्वरनं तिथं खुर्ची बघितली नाही. त्यानं बघितली दगडाबाई. नेकनूरचीच, एकटी, थोडी कोरडवाहू जमीन कसणारी बाई. साहेबांच्या दौऱ्यासाठी वेठीला धरून नेलेला तिचा बैल परत आला नव्हता. चपराशी तिच्या बोलण्याची नक्कल करत होता आणि ओसरीवरचे कारकून पोट धरून हसत होते. दगडाबाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "माजा बैल माघारी द्या." हसणं वाढलं. ती जागची हलली नाही, आवाज चढवला नाही, पुन्हा तेच म्हणाली. म्हणतच राहिली. शेवटी हसायचे थांबले ते लोक. बैल मात्र मिळाला नाही.

दुसऱ्या वर्षी उत्तरेश्वरला भूमिका मिळाली, अडाणी खेडुताची. खेडूत हाकिमापुढं फिर्याद घेऊन येतो, गालिच्यात पाय अडकून पडतो, चुकीची उर्दू बोलतो आणि सगळे हसतात, एवढंच काम. "तुझा हेल इथं कामाला येईल," प्राध्यापक खूश होऊन म्हणाले. उत्तरेश्वर तालमीत पडत राहिला. दर वेळी उठताना त्याला कचेरीची ओसरी आठवायची. तो एकदा प्राध्यापकांना म्हणाला, "सर, हा माणूस न पडता आला तर?" ते म्हणाले, "मग लोक हसणार कशाला?"

प्रयोगाला पुढच्या रांगेत बडे अंमलदार बसले होते. उत्तरेश्वर आत आला. गालिच्यापाशी थांबला, वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि हाकिमासमोर ताठ उभा राहिला. त्याच्या पहिल्याच उर्दू वाक्याचा हेल ऐकून लोक सवयीनं हसले. त्यानं हसणं ओसरू दिलं. मग उर्दू सोडून आपल्या बोलीत म्हणाला, "माजा बैल माघारी द्या."

हे नाटकात नव्हतं. हाकीम झालेला मोइनुद्दीन हा हैदराबादचाच पोरगा. त्यानं क्षणभर मित्राकडं बघितलं आणि त्याला सांभाळून घेतलं. "बैल किसने लिया?"

"तुमीच नेला, सरकार."

आता कुणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतले एक साहेब उठून निघून गेले.

सकाळी प्रिन्सिपॉलनं त्याला बोलावलं. "सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर नाव काढून टाकतो."

"कशाची माफी? पडलो न्हाई त्याची?"

नाव निघालं. मोइनुद्दीन स्टेशनवर पोचवायला आला होता. म्हणाला, "असर हुआ, यार." उत्तरेश्वर म्हणाला, "तुझ्यामुळं."

घरी अर्जुनराव त्याच्याशी बोलेनात. उत्तरेश्वरनं सुगी उरकेपर्यंत शेतात राबून घेतलं आणि मग गावातली माणसं जमवून नाटक बसवायला घेतलं. त्यासाठी तो दगडाबाईच्या दारात गेला.

"मावशे, नाटकात काम करता का?"

"बापू, मला सोंग येत न्हाई."

"सोंग नगं. कचेरीत बोलल्या तसंच बोला."

"तवा कुणी ऐकलं न्हाई. आता कोन ऐकंल?"

"गाव ऐकंल."

बाईमाणूस चारचौघांत नाटकात उभं राहणार म्हणून गावात लई बोभाटा झाला. खेळाला तहसिलीची परवानगी लागायची, तीही मिळाली नाही. उत्तरेश्वर म्हणाला, "खेळ खळ्यात करू. दिवसाढवळ्या करू. लपून कशाला करायचा?"

दुपार कलताना गाव खळ्याभोवती बसलं. दगडाबाई मधोमध उभी राहिली. "माजा बैल माघारी द्या," हे पहिलंच वाक्य तोंडातून निघालं आणि जमादार दोन शिपाई घेऊन आला. "बंद करो!" तो ओरडला. दगडाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी त्याला उद्देशून. लोक हसले, पण आता ते जमादाराला हसत होते.

चिडून तो म्हणाला, "ही जागा कुणाची?"

कडेला, माणसांपासून जरा लांब उभे असलेले अर्जुनराव पुढं आले. ते आलेत हे उत्तरेश्वरलाही ठाऊक नव्हतं.

"माजी हाय," ते म्हणाले. "माज्या खळ्यात माजी माणसं बोलत्यात. बाईचं बोलणं पुरं होऊ द्या, मग काय ते बघा."

जमादार देशमुखांना अडवायला धजला नाही. खेळ पुरा झाला. मग त्यानं उत्तरेश्वरला धरून बीडला नेलं आणि लॉकअपमध्ये घातलं. अर्जुनराव भाकरी घेऊन गेले. गजाआडून ती देताना एवढंच म्हणाले, "बाई लई ताठ उभी राहिली."

"होय आबा. तेच शिकायला गेलतो मी."

तो सुटून गावात आला तेव्हा खळ्यावर नव्या खेळाची तालीम चालली होती. गावच्या कुलकर्ण्याचा मुलगा जमादाराचं काम करत होता आणि दगडाबाई त्याला दटावत होती, "पुटपुटू नगंस! पार वडापातूर ऐकू गेलं पायजे." उत्तरेश्वरनं पिशवी बांधावर ठेवली आणि तिथंच बसून तालीम बघू लागला.