श्वासाच्या पंख्यातलं कुंकू

लातूरच्या आमच्या हॉस्पिटलात रुग्णाला सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून त्याचा दम मोजणारं एक यंत्र आहे. माणूस फुफ्फुसाचं ऑपरेशन सोसेल का, ते त्यावरून ठरतं. रोज पहिल्या रुग्णाआधी एका मोठ्या सिरिंजने त्यात तीन लिटर हवा ढकलायची. यंत्राने तीनच लिटर दाखवले, तर पुढे जायचं. इतकं सोपं काम. पण आमच्या व्यवस्थापक साहेबांचा भरवसा हळदीकुंकवावर जास्त.

खंडेनवमीला मी नांदेडला गेले होते. इकडे साहेबांनी यंत्राची पूजा घातली. मास्कजवळ श्वास मोजणारा इवलासा पंखा असतो, त्यावरही चिमूटभर कुंकू वाहिलं. सिरिंज पाटावर, झेंडूच्या माळेत. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही म्हणे! यंत्र मात्र दुपारी सिरिंजने खात्री न करताच खुशाल चाललं. कमाईच्या वस्तूला कसलं आलंय सोवळं?

त्याच दुपारी मुखेडकडच्या एका मावशींची तपासणी झाली. त्यांच्या फुफ्फुसात गाठ होती. यंत्र म्हणालं, दम फारच कमी. सर्जननी ऑपरेशनला नकार दिला आणि मावशी घरी गेल्या.

परतल्यावर रिपोर्ट पाहून माझं डोकंच फिरलं. शेतात राबणारी ही बाई आठवड्यापूर्वी नाव नोंदवायला आली, तेव्हा माझ्यासमोर दोन जिने न थांबता चढली होती, आणि म्हणे दम नाही! मी स्वतः सायकलवर बसले. यंत्राच्या हिशेबाने माझेही दिवस भरले होते. मग सिरिंज ढकलली, तर तीन लिटरचे जेमतेम दोन दिसले. पंखा सोडवला. पात्यांवर श्वासाच्या वाफेने ओलं झालेलं कुंकू चिकटून बसलं होतं.

"देवाचंच केलं ना मॅडम, वाईट थोडंच केलं?" साहेब म्हणाले. स्वतःच्या मूर्खपणात देवाला भागीदार करण्यात हा माणूस पटाईत आहे.

पंखा साफ करून, सिरिंजने खात्री करून मी मावशींना परत बोलावलं. या वेळी दम चांगला निघाला. सर्जन तयार झाले. मावशींना मी ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या,

"म्या तं दोन्ही म्हशी लेकीला देऊन टाकल्या, डाक्टरीणबाई. आता जायचंच हाय म्हणून. कुण्या तोंडानं परत मागू?"

मी साहेबांना बोलावून त्यांच्यासमोर बसवलं.

"मावशी," म्हटलं, "हे यांना विचारा."