कौसामावशीनं आधी चाखलं

तुमच्या घरच्या लग्नात ज्या बाईनं बुंदी पाडली, तिनं ती चाखली होती का? विचारलंत कधी?

आखाडा बाळापूरच्या कौसामावशीनं चाखली नव्हती. उभ्या हयातीत एकदाही नाही. आमच्या शेजारची ही बाई आसपासच्या गावांत लग्नाचा स्वयंपाक करायची. नैवेद्य निघेपर्यंत कढईतलं काही जिभेला लावायचं नाही, हा नियम. आमटीत मीठ बरोबर पडलं का, हे ती पातेल्यावर वाकून नुसत्या वाफेवरून ओळखायची. "वाफ खोटं बोलत न्हाई पोरी, माणसं बोलतात." आणि पंगती उठल्यावर? तोवर तिला गोडाचा वाससुद्धा नकोसा झालेला असायचा. मग ती घरून आणलेली भाकर फडक्यातून सोडून खायची. दिवसभर भूक मारायला गालात तंबाखू.

मला त्या नियमाची चीड यायची. माझे वडील शेतमजुरांच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. "मावशी, राबणारीनं सगळ्यांच्या शेवटी काहून खायचं?" मी भांडायचे. ती झारा आपटत म्हणायची, "तुह्या कागदानं चूल पेटती का बघ. आज लाकडं ओली हायेत."

गेल्या चैत्रात तिच्या जिभेवरची जखम काही केल्या भरेना. मी तिला नांदेडला नेलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, जीभ अर्धी काढावी लागेल. चव राहील का, सांगता येत नाही. सोमवारी ऑपरेशन. मावशीनं एवढंच विचारलं, "मंगळवारी सेनगावला लग्न हाय हो. दोन दिस पुढं सरकवता का?"

बाहेर पडल्यावर ती बसस्टँड सोडून भलतीकडेच चालू लागली. भरभर, मागे न बघता. एका गार, काचेच्या दुकानासमोर थांबली, चपला दाराशी काढल्या आणि आत शिरली. "तुमच्याजवळचं सगळ्यात भारी गोड दावा." दुकानदारानं काळ्या डबीतले चार गोळे पुढे ठेवले. चॉकलेट ट्रफल. किंमत ऐकून माझं डोकं तापलं.

"मावशी, ही बड्या लोकांची चैन आहे. त्या कोकोच्या मळ्यांत लहान लेकरं राबतात."

"आन् मह्या बुंदीतली साखर? ऊसतोडीवाल्यांचे लेकरं शाळंत बसून राहिले व्हय?"

तिनं डबी घेतली.

एसटीत ती डबी उघडायची, वास घ्यायची, मिटायची. पुढच्या बाकावरचं लेकरू रडायला लागलं, तर पहिला गोळा त्याच्या हातात गेला. दुसरा देवाचा म्हणून तिनं कागदात गुंडाळला. तिसरा तिची जाऊ रुक्मिण हिच्यासाठी. दोघी मिळून स्वयंपाकाची कामं करायच्या. वारंगा फाट्याला चौथा माझ्यापुढे आला.

"धर. दिसभर उन्हात हिंडलीस मह्यासंगं."

सोमवारला तीन दिवस उरले होते आणि ही बाई अजूनही वाढतच होती. तिच्या बोटांवर चॉकलेट विरघळायला लागलं होतं. भाषण देण्याऐवजी मी तिचा हात तिच्याच तोंडाकडे वळवला.

"मी नाही खाणार. तू खा. आत्ता."

"आधी देवाला दावावं लागतं, येडे."

"घरी जाईपर्यंत पाणी होईल त्याचं."

तिनं बोटांवरून ओघळणारं चॉकलेट पाहिलं. मग म्हणाली, "त्याला काय घाई! त्याची जीभ शाबूत हाय." आणि गोळा तोंडात टाकला.

तिनं तो चावला नाही. दुखऱ्या बाजूनं सांभाळत, डोळे उघडे ठेवून, एखाद्याच्या हाताखाली काम शिकत असल्यासारखी ती घोळवत राहिली. "चिमटीभर मीठ हाय ह्याच्यात," ती म्हणाली. गोळा विरून संपल्यावर म्हणाली, "करणाऱ्यानं चाखून केलंय हे. चाखल्याबिगर इतकं बराबर जमतच न्हाई." मग एकेक बोट चाटलं. "मह्या बुंदीला लोक चांगली म्हणायचे. चाखली असती ना, तर अजून चांगली केली असती मी."

तंबाखू, दवाखाना, देव, कशावरच मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं. या एका गोष्टीवर ती चिडली होती.

ऑपरेशन झालं. चव गेली, बोलणं आता मला आणि रुक्मिणलाच कळतं. तरी ती कामावर परतली, पण नियम मोडून. बुंदीचा पहिला घाणा कढईतून निघाला की वाटी रुक्मिणच्या हातात. रुक्मिण चाखते, मान हलवते, मगच पुढचं. पुसेगावच्या एका लग्नात यजमानीण ओरडली, "नैवेद्याच्या आधी उष्टं केलं! बाटवलं सगळं!" मावशीनं चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि हात बांधून उभी राहिली. पंगत खोळंबली. शेवटी यजमानीण मुकाट्यानं आत गेली आणि लाकडं पुन्हा चुलीत सरकली. पण त्यानंतर दोन घरांनी त्यांना सांगितलेलं काम काढून घेतलं. मावशीनं नियम बदललेला नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. या लग्नसराईत तुमच्या मांडवामागे या दोघी असोत की दुसरी कोणी बाई, पहिल्या घाण्याची वाटी तुम्ही स्वतः तिच्या हातात द्या. आणि ती चाखून 'जमलं' म्हणेपर्यंत नैवेद्याचं ताट भरू नका.