दगडी बाईला शेंदूर

तेलात कालवलेला शेंदूर मी तिच्या तोंडाला फासला, पाठीला फासला, आणि मागे वळले तर नवरा उभा. हातात छिन्नी. 

ती म्हणजे वैनगंगेकाठच्या जुन्या देवळाच्या भिंतीवरची दगडी बाई. एक पाय उचलून तळव्यातला काटा काढते आहे. शेकडो वर्षांमागे कोणी कोरली, देव जाणे. माझा नवरा पाथरवट, जाती-पाटे घडवायचा. पन्नास सालानंतरची गोष्ट, लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. हातातलं जातं टाकून तो रोज तिच्यापाशी जायचा, तिच्या पाठीवरून बोटं फिरवायचा आणि घरी येऊन तोच बाक दगडाच्या एका सपाट फाडीवर कोरायचा.

"दगडाले हाड नाई," म्हणायचा, "पण कण्यावरून हात फिरवला का हाड लागते. सारं वजन एका पायावर हाय. पोटरी पाह्य कशी तानली हाय."

त्या चैतात मोहफुलं वेचताना माझ्या टाचेत काटा मोडला. पंधरा दिवस लंगडले. त्यानं विचारलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "मले बी काटा रुतला हाय जी."

तर म्हणे, "मंग उभी राह्य तिच्यासारखी. पाठ कशी वाकते पाहू दे."

दुसऱ्या दिवशी मी शेंदूर घेऊन गेले.

"काऊन केलं वो असं?" त्यानं विचारलं.

"देवी हाय ते. आता हात नोका लावू. हात जोडा."

तो पुसायला पुढे झाला, तेवढ्यात नदीवरून येणारी शेजारची म्हातारी थांबली. "माय वो, देवी परगटली!" म्हणत तिनं डोक्यावरची घागर उतरवली आणि पाणी त्या बाईच्या पायावर घातलं. आमच्याकडे पुजलेल्या दगडाचा शेंदूर कोणी पुसत नाही. त्यानंही पुसला नाही.

पुढं त्यानं जाती-पाटेच घडवले. फाडीवरची बाई अर्धी राहिली. पाठ झाली होती, पाय दगडातच होता. तिच्यावर मी कपडे धुतले. पाठ चांगली उतरली होती. माझी तशी कधीच नव्हती.

टाचेतला काटा मी माझ्या हातानं सुईनं काढला.

गावच्या बायांनी देवळाच्या बाईवर सणासणाला शेंदराचे थर चढवले. आता तिचा कणा दिसत नाही, काटाही दिसत नाही, भिंतीला लाल गोळा आहे. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. तिघांत मी उरले आहे.