घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं?

आमच्या ओपीडीत हसण्यासारखं काही घडू नये. पण घडतं, आणि साठत जातं! जीव नकोसा झालेली दहावी-बारावीची मुलं इथे येतात. त्यांना घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं, हे आम्ही तिघांनी ठरवायचं: साताऱ्याकडचे डॉक्टर, गुहागरच्या पाटकर सिस्टर आणि मी, समुपदेशक.

*

डॉक्टर रत्नागिरीत नवे होते. एक मुलगा प्रत्येक प्रश्नाला "मरूंदे ओ!" म्हणत होता. डॉक्टरांनी घाबरून बेड तयार करायला सांगितला. सिस्टर म्हणाल्या, "सर, मरूंदे म्हणजे जाऊंदे. त्यावर ठेवायचं तर अख्खा जिल्हा ॲडमिट करा!"

*

पुढच्याच आठवड्यात एक मुलगी तेच म्हणाली. डॉक्टर आता शहाणे झाले होते. "म्हणजे जाऊंदे, ना?"

"नाय. मरूंदे म्हणजे मरूंदे."

तिला ठेवून घेतलं.

*

एका मुलीला मी थेट विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" सोबतच्या शिक्षिका दचकल्या. "असं विचारू नका हो, नसलेलं डोक्यात येईल!"

मुलगी म्हणाली, "बाई, डोक्यात आहे म्हणून तर तुम्ही मला घेऊन आलात!"

*

देवरूखचे एक वडील म्हणाले, "काय झालंय त्याला? काल सुरमईचे तीन तुकडे खाल्लान!" डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "आणि बॅट, सायकल, सगळं धाकट्याला देऊन टाकलान." बापाला तो मुलाचा शहाणपणा वाटत होता. खरं सांगते, क्षणभर मलाही कौतुकच वाटलं. ही निरवानिरव आहे, हे कळलं ते नंतर.

*

बंदराकडची एक सोळा वर्षांची मुलगी. उत्तरं सगळी ठीक. मावशी सोबत राहणार, औषधं कुलपात राहणार, सोमवारी परत दाखवायला आणणार. डॉक्टरांनी घरी सोडायची सही केली. दारात मुलगी म्हणाली, "जाते हां, सिस्टर."

सिस्टरांचा चेहरा उतरला. "येते म्हण गो बाय. जाते म्हणू नये."

मावशी म्हणाली, "दवाखान्यात येते म्हणत नाय ओ! परत यायला लागतं."

दोघींचंही खरं! डॉक्टर एकदा सिस्टरांकडे बघतात, एकदा मावशीकडे. शेवटी त्यांनी मुलीलाच विचारलं, "तू कुठल्या अर्थानं म्हणालीस, बाळ?"

ती चपलेकडे बघत म्हणाली,

"तेच मला पण कळत नाय, सर."

सिस्टर खाटेवर चादर घालायला गेल्या.