ऑर्फाच्या गाईंना आवडणारं गाणं

आमच्या सेज फ्लॅट गावात वारा पश्चिमेच्या बर्फाळ डोंगरावरून उतरतो, लाल खडकांच्या फटींत शिरतो आणि दिवसभर तिथं शीळ घालत बसतो. त्या शिळेला आम्ही कधी नावं ठेवली नाहीत. ऑर्फा टटलच्या गळ्याला मात्र ठेवली, आणि पोटभर ठेवली. कुणी म्हणे, तेल न घातलेलं फाटक. कुणी म्हणे, विहिरीत पडलेलं गाढव. मी घोड्यांना नाल ठोकणारा माणूस, कानशीचा आवाज सकाळपासून कानात घेऊन हिंडतो, म्हणून माझं मत जरा सौम्य होतं. मी म्हणायचो, तिचा आवाज कानशीसारखा आहे. फक्त कानस एकाच सुरात घासते.

ऑर्फा उंच, थोराड हाडाची, चाळिशी ओलांडलेली. डोक्यावर बापाची टोपी, अंगात बापाचाच कोट. बाप गेल्यावर गुरं तिनं एकटीनं सांभाळली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "विचारणारा आला होता की. मी आनंदानं गाणं म्हटलं, तो गेला."

रात्री राखण करताना घोडा सावकाश चालवत गुरांभोवती फिरायचं आणि गात राहायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आवाज ओळखीचा असला की गुरांना कळतं, अंधारात फिरतंय ते आपलंच माणूस आहे. मग ती पाय दुमडून निवांत रवंथ करतात. ऑर्फाचा बापही असाच गायचा, आणि गळाही त्याचाच तिच्याकडे आला होता. तिची वासरं जन्माला आली ती त्या आवाजात, दूध प्यायली ती त्या आवाजात. त्यांना जगात दुसरं संगीत आहे हेच ठाऊक नव्हतं.

पण ऑर्फाला गायचं होतं ते चर्चमध्ये. तिची आई गायनमंडळात होती. दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी उभी राहायची. आईचा गायनमंडळातला निळा झगा ऑर्फानं धुऊन, इस्त्री करून खुंटीला टांगून ठेवला होता. दर ईस्टरच्या आधी ती गायनमंडळाच्या बाईंकडे, लविनिया थॉर्पकडे जायची.

"मिस लविनिया, यंदा तरी घ्या मला."

"अगं ऑर्फा, मागच्या वेळी तू स्तोत्र सुरू केलंस आणि पाद्रीबाबांना वाटलं कुणीतरी जिन्यावरून पडलं."

"देवाला सगळ्यांचे आवाज सारखेच असतात."

"देवाला असतील गं. पण पहिल्या बाकावर देव नाही बसत, पाद्रीबाबांची सासू बसते."

ऑर्फा हसायची, टोपी चढवायची आणि परत जायची. झगा पुन्हा खुंटीला.

त्या काळात पडद्यावरच्या गुराख्यांना नुकता कंठ फुटला होता. आधी ते नुसतेच गोळ्या झाडत. आता चोराला पकडून झालं की पाठीमागची गिटार पुढे ओढत आणि चोरासकट सगळ्यांना गाणं ऐकवत. शर्टावर गुलाब भरलेले, बुटांवर फुलपाखरं. तसा शर्ट घालून आमच्यातला कुणी रानात गेला असता तर मधमाश्या मागे लागल्या असत्या. तरी आम्ही ते चित्रपट चुकवत नव्हतो. आमचंच आयुष्य होतं ते, फक्त धुऊन, इस्त्री करून टांगलेलं.

एका शरदात अशीच एक कंपनी आमच्या लाल खडकांत उतरली. मोटारी, कॅमेरे, चकाकत्या पत्र्याचे फळे, आणि वेस फेअरलेन नावाचा गाणारा नायक. माणूस गोड होता. खरं नाव मिल्टन, ओहायोत पियानो विकायचा. घोड्यावर बसायचा तेव्हा घोडाच त्याला सांभाळून घ्यायचा. मला कंपनीनं नालांसाठी ठेवलं, आणि घोड्यांचे पाय रिकामे असले की नटांच्या तोंडावर उजेड पाडायला पत्र्याचा फळा सूर्याकडे धरून उभं राहायचं कामही माझंच.

कथेत शेकोटीभोवती वसाहतीची मंडळी भजन गातात असा प्रसंग होता. त्यासाठी आमचं अख्खं गायनमंडळ घेतलं. लविनियाबाईंनी नवी कॉलर शिवून घेतली. ऑर्फा पुन्हा गेली विचारायला.

"चित्रपटात?" लविनियाबाई किंचाळल्याच. "अगं बाई, तिथं तर आवाज आणखी मोठा करतात!"

ऑर्फाच्या गाई मात्र कंपनीला हव्या होत्या. गुरं बिथरलेली, वादळ येऊ घातलेलं, आणि वेस गिटार छेडत त्यांच्यामधून चालत जातो, तशी गुरं एकेक करून शांत होतात. चित्रपटाचा सगळा जीव त्या प्रसंगात होता. दिग्दर्शक मिस्टर ग्रुबर, बुटका, घामट माणूस, सारखा म्हणायचा, "हा प्रसंग साधला की मी जिंकलो."

गाणं आधीच शहरात तबकडीवर घेतलेलं. इथं मोटारीवर मोठा कर्णा बसवला होता. त्यातून गाणं वाजणार आणि वेस नुसते ओठ हलवणार. सगळं जुळलं. वेस गाईंच्या मधोमध उभा राहिला. ग्रुबरनं हात खाली केला. कर्ण्यातून मधासारखा आवाज पाझरला, मागे व्हायोलिनं.

गाई चौखूर उधळल्या.

कॉफीचं टेबल गेलं, दोन छत्र्या गेल्या, ग्रुबर खडकावर चढला तो कसा चढला हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. वेसची पांढरी टोपी एका तांबड्या गाईच्या शिंगात अडकून टेकडीपलीकडे गेली. पुन्हा गुरं गोळा केली, पुन्हा गाणं लावलं, पुन्हा तेच. या वेळी टोपी दुसरी होती, गाय तीच.

वेस धूळ झटकत ऑर्फाजवळ आला. बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं. "मॅडम, इतकं वाईट आहे का माझं गाणं?"

"छे हो, वाईट कुठं? अनोळखी आहे. इतक्या गोड आवाजात त्यांच्याशी कुणी कधी बोललेलंच नाही. त्यांना वाटतंय, यात काहीतरी कावा आहे."

मग तिनं खडकांकडे तोंड केलं, मान वर केली आणि गायला लागली. केशभूषेची बाई कानावर हात ठेवून खाली बसली. कॅमेऱ्याजवळचा एक जण यंत्र तपासू लागला. आणि खडकांमागून एकेक गाय यायला लागली, जणू संध्याकाळ होऊन घरी निघाली आहे. तांबडी सगळ्यांत पुढं, शिंगात टोपी तशीच.

"हे काय आहे?" ग्रुबरनं मला विचारलं.

"गाणं आहे, साहेब."

"नक्की?"

"गाईंना विचारा."

ठरलं असं, की कर्णा बंद ठेवायचा. संगीतवाला कानाला हेडफोन लावून तबकडी एकटाच ऐकेल आणि रुमालानं ठेका दाखवेल. ऑर्फा झुडपात लपून त्या ठेक्यावर तेच गाणं म्हणेल. वेस तिच्याबरोबर ओठ हलवेल. गाईंचं हंबरणं पकडायला गवतात मायक्रोफोन ठेवला होता, तो तिथंच राहिला.

"आणि तुम्हाला काय द्यायचं?" ग्रुबरनं विचारलं.

"मला गायनमंडळात उभं करा. आईचा निळा झगा घालून."

"बस, एवढंच?"

"तुम्हाला एवढंच वाटतंय," ऑर्फा म्हणाली, "कारण तुम्ही मिस लविनियाला ओळखत नाही."

गाईंचा प्रसंग पहिल्याच झटक्यात साधला. वेस हसू दाबताना असा काही गहिवरलेला दिसला, की ग्रुबरच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी शेकोटीपाशी ऑर्फा झगा घालून आली. झगा तिला आखूड होत होता, खालून बापाचे बूट दिसत होते. लविनियाबाईंनी ग्रुबरकडे पाहिलं, ग्रुबरनं आभाळाकडे. शेवटी बाई तिच्या कानाशी लागल्या. "उभी राहा. तोंड उघड. पण आवाज काढशील तर बघ!"

ऑर्फानं बाईंचं ऐकलं. मी फळा धरून समोरच उभा होतो. सगळे गात होते आणि ती मासळीसारखं नुसतं तोंड उघडत होती. आयुष्यभर जिथं उभं राहायचं होतं तिथं उभी होती, आणि मुकी. मी फळा जरा तिरपा केला, तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हटवला. काही गोष्टी कॅमेऱ्यानं बघू नयेत असं मला वाटतं.

चित्रपट आमच्याकडे आला तो ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. धान्याच्या कोठारात चादर ताणली, सगळा गाव पोत्यांवर बसला. लविनियाबाई मधोमध, नव्या कॉलरीत. ऑर्फा मागे, दारापाशी.

शेकोटी आली. आमचं गायनमंडळ पडद्यावर! टाळ्या पडल्या. मग मंडळींनी तोंडं उघडली आणि त्यातून भलतीच माणसं गायला लागली. त्या दिवशी वारा होता, मायक्रोफोनमध्ये नुसती घरघर आली होती, म्हणून कंपनीनं शहरातल्या गवयांचे आवाज वर चिकटवले होते. काडीसारख्या शिंप्याच्या तोंडून ढोलासारखा आवाज निघाला. लविनियाबाईंच्या तोंडून सोळा वर्षांची पोर गात होती.

"लविनिया, कुणाला गिळलंस गं?" मागून कुणीतरी ओरडलं.

कोठार हसून हसून हललं. बाई ताठ बसून राहिल्या.

मग गाईंचा प्रसंग आला. वेस गात होता, मधासारखा, मागे व्हायोलिनं. खाली गाई हंबरत होत्या. आणि त्या हंबरण्याच्या आत, व्हायोलिनांच्या खाली, दूर कुठं तरी एक फाटक कुरकुरत होतं. गाईंच्या हंबरण्यात तो आवाज असा मिसळला होता, की कंपनीला काही तो वेगळा काढता आला नव्हता. शहरातल्या लोकांना ती एखादी गाय वाटली असेल. आम्हाला नाही वाटली.

"ऑर्फा!" शिंपी उठूनच उभा राहिला. "ऑर्फा गातेय!"

सगळ्यांनी माना वळवल्या. टाळ्या काही थांबेनात. ऑर्फानं टोपी काढून चेहऱ्यापुढं धरली. पडद्यावर गावचा एकच खरा आवाज शिल्लक राहिला होता, आणि तो तिचा होता.

खेळ संपल्यावर मी घोडा सोडत होतो. कोठाराच्या भिंतीपाशी त्या दोघी उभ्या होत्या.

"एक शब्द नाही ठेवला त्यांनी माझा," लविनियाबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "तोंड तेवढं माझं."

मला वाटलं, आता ऑर्फा सगळी वर्षं वसूल करणार.

"वारा होता, मिस लविनिया," ती म्हणाली.

"तुझ्या वेळी नव्हता?"

"होता की. पण माझ्या आवाजाला वारा घाबरतो."

बाई आधी नाकातून हसल्या, मग भिंतीला टेकून हसल्या, डोळे पुसले. "मुकं उभं राहणं काय असतं ते कळलं गं मला आज. रविवारी ये. दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. आणि झग्याला खाली पट्टी लाव, बूट दिसतात."

ईस्टरची सकाळ निवळ होती, चर्चच्या खिडक्या उघड्या होत्या. ऑर्फा आईच्या जागी उभी राहिली. पहिल्या कडव्याला पाद्रीबाबांच्या सासूबाईंनी पर्स उघडून कापूस शोधला. दुसऱ्या कडव्याला उतारावरचं कुंपण मोडल्याचा आवाज आला. तिसऱ्याला खिडकीतून तांबड्या गाईनं डोकं आत घातलं, तिच्यामागे आणखी दोघींनी.

लविनियाबाईंनी पेटीवरचे हात थांबवले नाहीत. मान वळवून तेवढ्या म्हणाल्या, "ऑर्फा, तुझ्या घरची मंडळी आलीत. जरा सरकून त्यांना जागा दे."

ऑर्फा सरकली, आणि गातच राहिली.